प्रॉमच्या रात्री मुलं घरी कशी येणार? अमेरिकेत नव्याने आलेल्या आई-बाबांसाठी

मुलीच्या सीनिअर प्रॉमच्या रात्री ११:२० ला तिच्या फोनवरून तिची मैत्रीण बोलली, "आंटी, पोलिसांनी थांबवलंय." माझ्या नवऱ्याने फोन घेतला आणि सांगितलं, "तिला म्हणावं खाली उतर आणि नीट नम्रपणे बोल त्यांच्याशी." पुण्यात आम्ही आयुष्यभर तेच केलं होतं. हवालदाराने हात केला की स्कूटर बाजूला लावायची, उतरून जवळ जायचं आणि बोलायचं. इथे याच्याइतकं चुकीचं काही नाही. पोरीने दार उघडलं मात्र, पोलीस लाउडस्पीकरवरून ओरडला, आत बस. ती घरी आली तरी हात थरथरत होते.

तिने दारूला हात लावला नव्हता, वेगही बरोबर होता. पण घड्याळात अकरा वाजून गेले होते, गाडीत तीन मैत्रिणी होत्या आणि मागच्या नंबरप्लेटवर नवशिक्या ड्रायव्हरचा लाल स्टिकर होता. मार्चमध्ये तिला अठरा पूर्ण झाली, त्यामुळे आमच्या हिशेबी ती मोठी झाली होती. लायसन्सच्या हिशेबी झाली नव्हती. दंड भरला आणि विषय मिटला. पण रस्त्यावर त्या पंधरा मिनिटांत याहून फार वाईट घडू शकलं असतं, ही गोष्ट मनातून जात नाही. यंदा धाकट्याचा प्रॉम आहे. त्याच्यासाठी वहीत जे उतरवून ठेवलं होतं तेच इथे लिहिते आहे. आम्ही न्यू जर्सीत राहतो, म्हणून नियम इथले आहेत. बाकी राज्यांबद्दल पहिल्या पायरीत थोडं आहे.

जे अगदी नवीन आहेत त्यांच्यासाठी आधी एवढंच: प्रॉम हा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षांतला नाचगाण्याचा आणि जेवणाचा समारंभ. अकरावीचा ज्युनिअर प्रॉम, बारावीचा सीनिअर प्रॉम. इथे तो बहुतेक मे-जूनमध्ये, एखाद्या बँक्वेट हॉलमध्ये होतो. मुली गाऊन घालतात, मुलं टक्सीडो भाड्याने आणतात, संध्याकाळी कोणाच्या तरी अंगणात सगळ्या आई-बाबांसमोर फोटो काढतात. मुलांसाठी तो मोठा दिवस असतो, त्याला नाकं मुरडू नका. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" हे वाक्य एकदा ऐकलं की मूल पुढचं काहीच सांगत नाही, आणि मग परतीच्या गाडीचंही सांगत नाही.

१. मुलाचं लायसन्स नेमकं कुठलं आहे ते काढून बघा

न्यू जर्सीत सोळाव्या वर्षी शिकाऊ परमिट मिळतं, सतराव्या वर्षी प्रोबेशनरी, म्हणजे अटींसह मिळणारं लायसन्स, आणि पूर्ण म्हणजे बेसिक लायसन्स अठराव्या वर्षानंतर. इथेच आमची गफलत झाली. नुसती अठरा वर्षं पुरत नाहीत. प्रोबेशनरीवर एकट्याने गाडी चालवण्याचं एक वर्ष पूर्ण व्हावं लागतं. आमच्या मुलीला लायसन्स ऑक्टोबरमध्ये मिळालं होतं, म्हणजे जूनमध्ये आठच महिने झाले होते. मुलं उशिरा भारतातून आली की लायसन्सही उशिरा होतं, त्यामुळे आपल्या घरांमध्ये ही चूक सहज होते.

प्रोबेशनरी लायसन्सच्या अटी:

- रात्री ११:०१ ते पहाटे ५ गाडी चालवायची नाही. नोकरी किंवा धार्मिक कार्य असेल तर लेखी पत्रावर सूट मिळते. प्रॉमला मिळत नाही.
- गाडीत आई-बाबा किंवा पालक नसतील तर एकच प्रवासी. सख्खा भाऊ आणि एक मैत्रीण म्हणजे दोन झाले.
- फोन अजिबात नाही, हँड्सफ्रीसुद्धा नाही.
- गाडीतल्या प्रत्येकाने सीटबेल्ट लावायचा, मागे बसलेल्यांनीही. आपल्याकडे मागच्या सीटवर बेल्ट लावायची सवय नसते आणि मुलांनी ते आपल्याकडूनच उचललेलं असतं.
- दोन्ही नंबरप्लेटवर लाल स्टिकर. हा नियम २०१० पासून आहे. मोटर व्हेइकल कमिशनच्या ऑफिसात चार डॉलरला जोडी मिळते.

यातली प्रत्येक अट मोडली की १०० डॉलर दंड. काही मुलं फोटोत गाडी चांगली दिसावी म्हणून त्या दिवशी स्टिकर काढून ठेवतात. त्यांना आधीच सांगा की दंड स्टिकर नसण्याचाही आहे.

या अटी छळायला केलेल्या नाहीत. नवशिक्या मुलांचे जीवघेणे अपघात रात्री जास्त होतात, आणि गाडीत बरोबरीची मुलं जितकी जास्त तितका धोका वाढत जातो. प्रॉमच्या रात्री या दोन्ही गोष्टी एकत्र येतात.

दुसऱ्या राज्यात असाल तर वेळा वेगळ्या आहेत. कॅलिफोर्नियात अठराच्या आतल्या मुलांना पहिले बारा महिने रात्री ११ ते पहाटे ५ बंदी आहे, आणि पंचवीस वर्षांवरचा लायसन्सधारक सोबत नसेल तर वीसच्या आतला कोणी मित्र गाडीत घेता येत नाही. टेक्सासमध्ये मध्यरात्रीपासून पाचपर्यंत बंदी आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये ती साडेबारापासून पाचपर्यंत. मुलाच्या मित्रावर किंवा शेजाऱ्यावर विसंबू नका, आपल्या राज्याच्या मोटर खात्याच्या साइटवर स्वतः वाचा.

२. हॉल किती वाजता सुटतो ते शाळेला विचारा

आमचा प्रॉम सात ते अकरा होता. बऱ्याच ठिकाणी असाच असतो. आता हिशेब करा. अकराला गाणी बंद होतात, मग मिठ्या मारणं, कोट शोधणं, शेवटचा एक फोटो. पार्किंगमधून गाडी निघेपर्यंत सव्वा अकरा. म्हणजे प्रोबेशनरीवर असलेलं मूल प्रॉमला स्वतः गाडी चालवत जाऊ शकतं, पण परत येऊ शकत नाही. हे इतकं साधं आहे आणि तरी फोटोच्या अंगणात उभ्या असलेल्या आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

शाळेच्या कागदावर आणखी तीन गोष्टी बघा. लवकर निघायला परवानगी आहे का, बाहेरच्या शाळेचा पाहुणा आणायचा तर फॉर्म कधीपर्यंत भरायचा, आणि दारात श्वासाची तपासणी होते का. शाळा प्रॉमच्या आधी पोलीस आणि अग्निशमन दलाच्या मदतीने खोट्या अपघाताचं प्रात्यक्षिक करते, त्या दिवशी मुलाची दुसरी कुठली अपॉइंटमेंट ठेवू नका. माझी मुलगी ते बघून आली आणि रात्री जेवताना एक शब्द बोलली नाही.

३. गाऊनच्या आधी परतीची गाडी ठरवा

मुलं गाऊन, टाय, फुलं, केस यावर दोन-दोन महिने बोलतात. परतीचं मात्र "होईल काहीतरी" असतं. आमच्याकडे नऊ मुलांनी मिळून लिमो ठरवली होती. दोन दिवस आधी गाडीवाल्याने नाही म्हटलं, आणि मुलांनी आपापसात ठरवलं की ज्यांच्याकडे लायसन्स आहे ते चालवतील. आम्हाला कळलं तेव्हा ते निघाले होते. म्हणून निदान महिनाभर आधी, कोण कोणाला किती वाजता कुठून घेणार हे मोठ्या माणसांनी एकमेकांशी फोनवर बोलून ठरवा. मुलांच्या ग्रुपवरच्या निरोपावर सोडू नका. आणि एक पर्याय हाताशी ठेवा, कारण पहिला बारगळतो.

आई-बाबांनी घ्यायला जाणं. माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग. मुलांना लाज वाटते, हे खरं आहे. म्हणून हॉलच्या दाराशी न थांबता जवळच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये थांबायचं ठरवा. तीन घरांनी मिळून दोन गाड्या काढल्या की सात-आठ मुलं सुखरूप घरी जातात. ज्याने चालवायचं त्याने त्या संध्याकाळी ग्लास हातात घ्यायचा नाही. फोटोच्या पार्टीत वाइन फिरत असते, हे लक्षात ठेवा.

लिमो किंवा पार्टी बस. महाग गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, असं समजू नका. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्कोहॅरी इथे वाढदिवसाला निघालेल्या तरुणांची लिमो उतारावर ब्रेक निकामी होऊन आदळली आणि वीस जण गेले. ती गाडी महिनाभर आधी तपासणीत नापास झाली होती आणि ड्रायव्हरकडे तेवढी माणसं नेण्याचं लायसन्स नव्हतं. तेव्हा पैसे भरण्याआधी विचारा: गाडीचा विमा किती, शेवटची तपासणी कधी, प्रत्येक सीटला बेल्ट आहे का, ड्रायव्हर कोण. ड्रायव्हर धरून सोळा किंवा जास्त माणसांची गाडी असेल तर प्रवासी वाहतुकीची नोंद असलेलं कमर्शिअल लायसन्स लागतं. करार लेखी घ्या, त्यात परतीची वेळ आणि प्रत्येक थांबा लिहून घ्या. न सांगता मधे कुठे थांबणार नाही, हेही लिहून घ्या. उत्तर द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून गाडी घेऊ नका.

ॲपवरची टॅक्सी. उबरचं नेहमीचं खातं अठरा वर्षांखालच्यांना काढता येत नाही. २०२३ पासून १३ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी आई-बाबांच्या खात्याला जोडलेलं वेगळं खातं मिळतं, ते तुमच्या गावात चालतं का ते आधीच बघा. रात्री अकराला एकाच हॉलमधून तीनशे मुलं निघतात तेव्हा गाडी मिळायला वेळ लागतो आणि भाडं चढतं. म्हणून हा मार्ग मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. गाडीत बसण्याआधी नंबरप्लेट ताडून बघायची, आणि ड्रायव्हरने नाव सांगेपर्यंत आपलं नाव सांगायचं नाही.

मूल स्वतः चालवणार असेल तर पूर्ण लायसन्स हवं, आणि तरीही मी म्हणेन, गाडीत एकच मित्र. त्या दिवशी मुलं पहाटेपासून जागी असतात. केस, नखं, फोटो, नाच. अकराला डोळ्यांवर झापड असते आणि अंगात उत्साह असतो. ती झोप मुलाला स्वतःला कळत नाही.

४. घरातला परवलीचा निरोप ठरवा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

समजा मूल एखाद्या गाडीत बसलं आहे आणि चालवणाऱ्याच्या तोंडाला वास येतो आहे. चार मित्रांसमोर "मी उतरतो, आईला बोलावतो" असं म्हणणं सतरा वर्षांच्या पोराला जमत नाही. त्याला बाहेर पडायला निमित्त लागतं, आणि ते आपण द्यायचं. आमच्या घरचा निरोप आहे, "आजीचा फोन आला होता का?" एवढा मेसेज आला की पाच मिनिटांत आम्ही फोन करणार आणि मोठ्याने, बाजूच्यांना ऐकू जाईल असं सांगणार, "आजीला बरं नाहीये, आत्ता घ्यायला येतोय, कुठे आहेस?" मूल कपाळाला हात लावून मित्रांना म्हणू शकतं, काय करू, जावं लागेल.

यात आपल्यावर एक बंधन येतं आणि ते पाळणं फार अवघड आहे. त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही. कुठे होतास, कोण होतं, तू प्यायलास का, काही नाही. गाडीत बसवायचं, पाणी द्यायचं, घरी आणायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी बोलायचं, तेही न ओरडता. आपल्या घरांमध्ये ओरडणं हे प्रेमच असतं, मला माहीत आहे, मीही तशीच वाढले. पण मूल फोन करत नाही ते अपघाताला घाबरत नाही म्हणून नव्हे, आपल्याला घाबरतं म्हणून. माझ्या मुलीने मला नंतर सांगितलं की त्या रात्री पोलिसांपेक्षा बाबा काय म्हणेल याची तिला जास्त भीती वाटत होती. आम्ही दोघं त्या दिवशी रात्रभर जागे होतो.

मुलाशी हे बोलायला सुरुवात जमत नसेल तर सॅड (SADD) नावाच्या विद्यार्थी संघटनेचा करारनामा वापरा. ही संघटना १९८१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध सुरू झाली. मुलाने कबूल करायचं की अडचणीत फोन करेन, पालकांनी कबूल करायचं की येऊ आणि तेव्हा वाद घालणार नाही. दोघांनी सही करायची. आमच्याकडे तो फ्रिजवर लावला आहे.

५. दारू, गांजा आणि आपला व्हिसा

अमेरिकेत दारूचं वय २१. न्यू जर्सीत २१ च्या आतल्या ड्रायव्हरच्या रक्तात ०.०१ टक्का अल्कोहोल सापडलं तरी लायसन्स ३० ते ९० दिवस जातं आणि १५ ते ३० दिवस समाजसेवा करावी लागते. ०.०१ म्हणजे व्यवहारात एक घोटही नाही.

गांजा इथे २०२१ पासून २१ वर्षांवरच्यांना कायदेशीर आहे, म्हणून मुलांना वाटतं की त्यात काही विशेष नाही. तो गोळ्या-चॉकलेटच्या रूपात फिरतो, आणि खाल्ल्यावर तास-दीड तासाने चढतो. म्हणजे गाडी सुरू करताना मूल ठीक असतं आणि हायवेवर नसतं. शिवाय देशाच्या, म्हणजे फेडरल कायद्यात तो अजून बेकायदा आहे. एच-फोरवर, म्हणजे आई-बाबांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर असलेल्या किंवा ग्रीन कार्डची वाट बघणाऱ्या मुलांना हे स्पष्ट सांगा. दारू पिऊन चालवल्याच्या नुसत्या अटकेवरून, कोर्टाचा निकाल लागण्याआधी, व्हिसा रद्द होऊ शकतो. वर्गातल्या इतर मुलांना जी चूक एका उन्हाळ्यापुरती नडते, ती आपल्या मुलांना पुढची कित्येक वर्षं नडते.

"बाहेर पिण्यापेक्षा आमच्या तळघरात बसून प्या, किल्ल्या आम्ही ठेवतो," असं म्हणणारे पालक भेटतील. चांगली माणसं असतात. तरी नाही म्हणा. दुसऱ्याच्या अल्पवयीन मुलाला घरात दारू देणं हा न्यू जर्सीत गुन्हा आहे, १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंग.

आणि एक गोष्ट मुलांना नक्की सांगा. कोणी मित्र बेशुद्ध पडला तर घाबरून पळायचं नाही, ९११ ला फोन करायचा आणि त्याच्यापाशी थांबायचं. मदत मागणाऱ्याला आणि आजारी पडलेल्याला अल्पवयात प्यायल्याच्या खटल्यापासून इथला कायदा संरक्षण देतो.

६. गाडी आणि कागद

गाडीत तीन कागद हवेत: लायसन्स, रजिस्ट्रेशन, विम्याचं कार्ड. मुलाचं नाव विम्यात आहे का आणि लायसन्सची मुदत संपली नाही ना, हे आठवडाभर आधी बघा. टायरची हवा, दिवे, पेट्रोल आदल्या दिवशी. रस्ता निघण्यापूर्वी फोनवर लावायचा, फोनचा ड्रायव्हिंग मोड चालू करायचा आणि फोन मागच्या सीटवर ठेवायचा. सगळे महत्त्वाचे नंबर एका चिठ्ठीवर लिहून द्या, अकरापर्यंत फोनची बॅटरी फोटोंनी संपलेली असते.

उंच टाचांच्या सँडलनी ब्रेक नीट दाबता येत नाही आणि गाऊनचा घोळ पेडलमध्ये अडकतो. चालवणाऱ्या मुलीने गाऊन गुडघ्यापर्यंत वर घ्यायचा आणि सपाट बूट घालायचे. सैल चप्पलही नको, ती पेडलखाली सरकते. बेल्टने गाऊन चुरगळला तर चुरगळू दे.

७. पोलिसांनी थांबवलं तर

उजवीकडे सुरक्षित जागी थांबायचं, इंजिन बंद, आतला दिवा चालू, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. गाडीतून उतरायचं नाही. कागद काढण्याआधी सांगायचं, "कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात आहेत, काढू का?" आणि मगच हात हलवायचा. मागे बसलेल्यांनीही हात दिसतील असे ठेवायचे. हे घरी अंगणात गाडी उभी करून दोनदा करून बघा. आमच्या धाकट्याने केलं, बाबा पोलीस झाला होता.

अपघात झाला तर, कितीही छोटा असला तरी, तिथून निघून जायचं नाही. ९११, मग घर. रस्त्यात दुसरी गाडी झोकांड्या खात चालली असेल तर न्यू जर्सीत #७७ वर कळवता येतं. फोन मात्र शेजारच्याने करायचा, चालवणाऱ्याने नाही.

८. प्रॉमनंतरचं

बरीच मुलं प्रॉमनंतर शोअरला, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरच्या सीसाइड हाइट्स किंवा वाइल्डवूडला जातात. रात्रभर जागून गार्डन स्टेट पार्कवे या हायवेवर गाडी चालवणं प्रॉमच्या रात्रीपेक्षाही धोक्याचं आहे. जायचंच असेल तर मुलांनी रात्री घरी झोपायचं आणि सकाळी उशिरा, मोठ्या माणसाबरोबर निघायचं. शाळेने किंवा पालकांनी रात्रभराचा दारूविरहित कार्यक्रम ठेवला असेल तर पैसे भरून मुलाला तिथे पाठवा, आणि जमलं तर स्वतः मदतीला जा.

९. त्या रात्री आपण काय करायचं

जागं राहायचं. फोन आवाजावर ठेवायचा. गाडीत पेट्रोल, किल्ली हाताशी. मुलाला दर अर्ध्या तासाने मेसेज करू नका. निघताना एक आणि पोचल्यावर एक, एवढंच ठरवा.

घ्यायला जाताना गाडीत पाण्याच्या बाटल्या, जुन्या सपाट चपला आणि खायला काहीतरी न्या. हॉलचं जेवण आठला होतं आणि नाचून नाचून पोरांना कडकडून भूक लागते. यंदा आमच्या गाडीत पाच मुलं येणार आहेत. मी पोळ्यांत बटाट्याची भाजी गुंडाळून बारा रोल नेणार आहे आणि ११:१० ला हॉलच्या मागच्या औषधाच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये थांबणार आहे.